पडद्यावरचा शिक्षक, गावातला हात

वार्धक्य टळत नाही. परावलंबित्व मात्र पुष्कळ अंशी टाळता येते. २०११च्या जनगणनेनुसार देशात साठी ओलांडलेल्यांची संख्या १० कोटी ३८ लाख होती आणि त्यांतील सुमारे सत्तर टक्के ग्रामीण भागात राहत होते. ज्येष्ठांच्या व्यायामाची चर्चा मात्र अद्याप शहरांतल्या उद्यानांपुरतीच घोटाळते आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार पासष्टीनंतर आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम हवा. शिवाय आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकद वाढविणारा सराव हवा. केवळ फेरफटका पुरेसा नाही, हाच याचा अर्थ. न्हाणीघरात पाय घसरतो, खुब्याचे हाड मोडते आणि कालपर्यंत घर सांभाळणारी व्यक्ती अंथरुणाला खिळते. तोल राखण्याचा सराव हा यावरील उपाय आहे; पण तो जाणत्याच्या नजरेखाली व्हावा लागतो.

राहुरीसारख्या तालुक्यात असा जाणता शिक्षक कोठून आणायचा? नगर-मनमाड मार्गावरील अवजड वाहतूक आणि उसाच्या पट्ट्यातील बिबट्याची धास्ती यांमुळे पहाटे बाहेर पडणेही ज्येष्ठांना अवघड. अशा ठिकाणी ऑनलाइन व्यायामवर्ग हे वरदान ठरू शकते. २०२०च्या टाळेबंदीत योगदिनही ‘घरी योग, कुटुंबासह योग’ या सूत्राने साजरा झाला. पुण्याच्या अय्यंगार योगसंस्थेसारख्या, प्रत्यक्ष मार्गदर्शनाचा कटाक्ष बाळगणाऱ्या संस्थेनेही तेव्हा ऑनलाइन वर्ग सुरू केले.

ध्वनिचित्रफीत लावून हातपाय हलविणे निराळे आणि थेट वर्ग निराळा. थेट वर्गात शिक्षक पाहतो, थांबवितो, सुधारतो. तरीही मोबाइलच्या इवल्याशा पडद्यावर त्याला विद्यार्थ्याची पावले दिसत नाहीत. घरी एकट्या असलेल्या आजींचा तोल गेला, तर दूरचा शिक्षक केवळ हाक मारू शकतो. हात देऊ शकत नाही.

राहुरीला हे वेगळे सांगावयास नको. येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे संशोधन शेतापर्यंत पोहोचायचे, तर बांधावर जाऊन पीक पाहणारा माणूस लागतोच. व्यायामाचेही तसेच आहे. गावातील वाचनालय, देवळाचा सभामंडप किंवा ज्येष्ठ नागरिक संघाची खोली आठवड्यातून तीन दिवस तासभर मिळावी. तेथे मोठा पडदा, भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्च्या आणि दहा-बारा ज्येष्ठ असावेत. वेळ पहाटेची नको, उजाडल्यानंतरची असावी. हृदयविकार असलेल्यांनी वा नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी वैद्यांचा सल्ला घेऊनच यावे. छातीत दुखले वा भोवळ आली, तर तत्क्षणी थांबावे. मुख्य म्हणजे, जोडणी करून देणारा आणि शेजारी उभा राहणारा एक तरुण कार्यकर्ता तेथे हवा.

अशा वर्गातून एकाकीपणही ओसरेल. एखादे आजोबा दोन दिवस दिसले नाहीत, तर कोणीतरी घरी जाऊन चौकशी करील. पुण्या-मुंबईतील मुलांनी आईवडिलांना मोबाइल घेऊन दिला, वर्गाचे शुल्क भरले, हे चांगलेच. पण तेवढ्याने कर्तव्य संपत नाही. तंत्रज्ञानाने शिक्षक गावात आणून दिला आहे. आधाराचा हात गावानेच द्यायचा आहे.