दांडा कोणाच्या हातात?



संडास घासायचे एक नवे साधन बाजारात आले आहे. प्लॅस्टिकचा दांडा, टोकाला चाप आणि चापात बसवायची, औषध मुरवलेली छोटी गादी. भांडे घासून झाले की दांड्यावरचा खटका दाबायचा, गादी सुटून कचऱ्याच्या डब्यात पडते. हात कुठेही लागत नाही. पुढच्या वेळी नवी गादी. परदेशात अशा वस्तू बऱ्याच वर्षांपासून खपतात. आपल्याकडेही मोबाइलवरून मागवली की घरपोच येते. मध्यंतरी शहरातल्या एका डिझाइन संस्थेतली काही मुले-मुली याच वस्तूचा स्वस्त, देशी नमुना करण्यासाठी आमच्या पिशोरला (ता. कन्नड) येऊन गेली. घरे पाहिली, भांड्यांची मापे घेतली, बायकांशी बोलली. त्यांच्या कळकळीविषयी आम्हाला आदरच वाटला.

संडासाच्या ब्रशावर संपादकीय लिहायचे काय, असे काही मैत्रिणींना वाटेल. परंतु खाजगी ते राजकीय असे आपण इतकी वर्षे म्हणत आलो. मग घरातल्या सर्वांत खाजगी खोलीतले काम त्यातून का वगळायचे? स्वयंपाकाच्या श्रमाविषयी, पाणी भरण्याविषयी, सरपणाविषयी आपल्या चळवळीने पुष्कळ लिहिले. संडास घासण्याविषयी मात्र फारसे लिहिलेले आढळत नाही. खेड्यात संडासच नव्हते, हे त्याचे एक कारण. आज ते आहेत.

ते कसे आले हेही आठवावे. २०१४ च्या २ ऑक्टोबरला स्वच्छ भारत अभियान सुरू झाले. घरटी १२,००० रुपयांचे अनुदान मिळू लागले आणि २०१८ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्राचा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त जाहीर झाला. भिंतींवर घोषणा रंगल्या त्या लेकी-सुनांच्या अब्रूच्या. अंधाराची वाट पाहण्याचा जाच संपला, हा फायदा मोठा आहे आणि तो कोणी नाकारू नये. पण अब्रूसाठी बांधलेला संडास घासायचा कोणी, हे कुठल्याच भिंतीवर लिहिलेले नव्हते. न लिहिताच सर्वांना ठाऊक होते. टी.व्ही.वरच्या जाहिरातीत नट घरात येऊन भांडे किती अस्वच्छ आहे ते दाखवतो, आणि शरमेने खाली बघते ती घरची बाई. जणू भांडे तिच्या एकटीचेच आहे!

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत सहा वर्षांवरील व्यक्तींच्या दिवसाचा हिशोब आहे. त्यात बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे त्यात घालवतात. पुरुषांपैकी जे घरकाम करतात, त्यांची मिनिटे ८८. या २८९ मिनिटांत संडास-मोरीची किती, ते वेगळे काढलेले नाही. काढले असते तर पुरुषांच्या रकान्यात काय उरले असते, याचा अंदाज ज्याने त्याने आपल्या घरापुरता करावा.

आता बायकांनी त्या मुलांना काय सांगितले ते. बाजारातला ब्रश मोजक्या घरांत आहे. बहुतेकींकडे झिजलेला खराटा अर्धा तोडून ठेवलेला असतो. कोणी काठीला गोणपाटाचा तुकडा बांधते. कोणी हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधून जुन्या साडीच्या चिंधीने घासते आणि चिंधी-पिशवी दोन्ही उकिरड्यावर टाकते. म्हणजे एकदा वापरून फेकायचे साधन आपल्या बायकांनी कधीच शोधून काढले आहे, त्याला खटका तेवढा नाही. आणि फेकण्यामागे केवळ रोगाची भीती नाही. संडासात शिरलेला ब्रश घरात येत नाही. तो कुंपणात खोचलेला असतो, नाहीतर पत्र्याच्या मागे. ज्या हाताने तो धरला तो हात अंघोळीवाचून चुलीपाशी चालत नाही. ही विटाळाची भावना या नव्या वस्तूला फार सोयीची आहे. न शिवता काम होते आणि वस्तू दृष्टीआड होते, यापेक्षा चांगली जाहिरात कोणती?

दुसरी गोष्ट मापांची. बाजारातले ब्रश उंच कमोडसाठी घडवलेले असतात, म्हणून दांडा आखूड. आपली भांडी जमिनीच्या पातळीवर. आखूड दांड्याने ते घासायचे तर कंबरेतून पुरते वाकावे लागते, नाहीतर भांड्यासमोर उकिडवे बसावे लागते. तोंड थेट भांड्यावर येते. बोअरच्या जड पाण्याने भांड्यावर पांढरे-पिवळे थर चढतात, साध्या पावडरीने ते निघत नाहीत, म्हणून किराणा दुकानातून ॲसिडची बाटली येते. दार अरुंद, झरोका टीचभर, आणि वाकलेल्या बाईच्या नाकात ती वाफ. डोळ्यांची आग, खोकला, बोटांची सालपटे याबद्दल जवळपास प्रत्येकीने सांगितले. काही जणी ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र ओततात. त्यातून क्लोरिन वायू सुटतो आणि कोंडलेल्या जागेत तो जिवावर बेतू शकतो. हे बाटलीवर असलेच तर बारीक इंग्रजीत असते.

हेच ॲसिड बायकांच्या तोंडावर फेकले जाते. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मी खटल्यात विक्रीवर निर्बंध घातले : ओळखपत्र पाहावे, कारण विचारावे, नोंदवहीत लिहावे, अठरा वर्षांखालील कोणाला देऊ नये. भारतीय न्याय संहितेच्या कलम १२४ खाली ॲसिड हल्ल्याला कठोर शिक्षा आहे. पण संडासाचे ॲसिड म्हणून बाटली मागितली तर नोंदवही बाहेर निघते का, हे आपापल्या गावात जरा जाऊन पाहावे. ॲसिडवाचून भांडे स्वच्छ होऊ शकले, तर एक धोका घरातून आणि एक दुकानातून कमी होईल. या थरासाठी लिंबूसत्व किंवा व्हिनेगर ओतून रात्रभर ठेवले आणि सकाळी घासले तरी पुष्कळ काम होते. वेळ लागतो एवढेच.

तेव्हा साधन सुधारले पाहिजे याबद्दल आमच्या मनात शंका नाही. शंका आहे ती 'एकदाच वापरा आणि फेका' याबद्दल. गादी चापातून सुटली की वापरणारीच्या दृष्टीने काम संपले. पण गादी संपत नाही. ती बहुधा प्लॅस्टिकच्या धाग्यांची असते, कुजत नाही. डब्यातून घंटागाडीत जाते, तिथून ढिगाऱ्यावर. तो ढिगारा निवडणारे हात कोणाचे? बहुतांशी दलित बायकांचे.

ही कल्पनेतली भीती नव्हे. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, पुढे तिच्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली. या कचरावेचक बायकांना रोज उघड्या हातांनी इतरांचे वापरलेले सॅनिटरी नॅपकिन वेगळे करावे लागत. २०१३ मध्ये त्यांनी असे नॅपकिन गोळा करून ते बनवणाऱ्या कंपन्यांकडे परत पाठवले. जुन्या वर्तमानपत्रांच्या पिशव्या शिवून नॅपकिन गुंडाळण्यासाठी विकायला आणल्या. २०१६ च्या घनकचरा नियमांत उत्पादकांनी नॅपकिनसोबत गुंडाळायची पिशवी द्यावी असे आले, त्यामागे या बायकांचा आवाज होता. नॅपकिनचे आपण स्वागत केले होते आणि ते योग्यच होते. पण घडवणाऱ्याने वापरणारीचा विचार केला, उचलणारीचा केला नाही. संडासाच्या गादीत तेच पुन्हा घडू नये.

मग ती पाण्याबरोबर सोडून देता येईल अशी करू, असे त्या मुलांपैकी एकाने सुचवले. आमच्या बायकांनी ते तिथल्या तिथे मोडीत काढले. गावातल्या भांड्याचा उतार जास्त आणि त्यातला पाण्याचा अडसर जेमतेम २० मिलिमीटरचा, तो यासाठीच की दीड-दोन लिटर पाण्यात मैला वाहून जावा. उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत उभे राहणाऱ्या बाईला त्याहून जास्त पाणी परवडतही नाही. एवढ्या पाण्यात गादी पुढे सरकणार नाही. सरकली तर शोषखड्ड्यात बसेल. शहरात ती गटारात अडकेल आणि गटार मोकळे करायला माणूस उतरवला जाईल. हाताने मैला उचलण्यास १९९३ च्या कायद्याने मनाई झाली, २०१३ च्या कायद्याने ती आणखी कडक झाली. तरी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला गटारातल्या मृत्यूची भरपाई ३० लाख करावी लागली. मरणे थांबली असती तर रक्कम वाढवण्याची वेळ आली नसती.

महाराष्ट्रात या वाटेने विचार करणारा एक माणूस होऊन गेला, आणि डिझाइनच्या मुलांना तो शिकवला जात असेल असे वाटत नाही. अप्पासाहेब पटवर्धन. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्यावे म्हणून त्यांनी उपोषण केले. पुढे १९४८ मध्ये कणकवलीला गोपुरी आश्रम काढला आणि तिथे संडासाचे नमुने केले. दुसऱ्या माणसाला मैला उचलायला लागू नये, खत मात्र शेतात जावे, हा त्यांचा हिशोब होता. त्यांच्या विचारात बाईच्या श्रमाला फारशी जागा नव्हती, हे आपण म्हणू शकतो. पण आपली घाण कोणाकडे जाते, या प्रश्नापासून त्यांनी सुरुवात केली हे खरे.

पिशोरच्या बैठकीत शेवटी बायकांनी आपल्याला हवे ते साधन सांगितले. दांडा ताठ उभे राहून घासता येईल इतका लांब, बांबूचा, वर्षानुवर्षे टिकणारा. टोक वाकडे, म्हणजे भांड्याच्या कोपऱ्यात पोचेल. घासणारा बोळा कुजणारा : नारळाचा काथ्या, घायपाताचा वाख किंवा वेलावर वाळलेल्या गिलक्याची जाळी. औषध मुरवलेले नको. बोळा हात न लावता सुटावा, खटक्याची ही कल्पना सर्वांना पसंत पडली आणि ती त्या मुलांचीच. सुटलेला बोळा परसातल्या खड्ड्यात मातीआड जावा. परस नसलेल्यांनी काय करायचे, यावर एकमत झाले नाही. बचत गटाने हे तयार करून विकावे असेही कोणी म्हणाले, तेव्हा एक बाई चटकन उत्तरली, "म्हणजे बनवायचं बी आम्ही, विकायचं बी आम्ही, अन् घासायचं बी आम्हीच!" सगळ्या हसल्या. मग कोपऱ्यात बसलेली एक सून म्हणाली, "दांडा कितीबी लांब करा ताई, धरायचा तर मलाच हाये." यावर कोणी हसले नाही.

मुलांच्या प्रश्नावलीत किंमत किती द्याल, रंग कोणता आवडेल, महिन्याला किती गाद्या लागतील, असे प्रश्न होते. घरात संडास कोण घासते हा प्रश्न नव्हता. 'वापरणारी व्यक्ती' या रकान्यात आधीच 'गृहिणी' छापलेले होते. आम्ही तो रकाना कोरा करून घेतला आणि पुढच्या फेरीत घरातल्या पुरुषांनाही हेच प्रश्न विचारावेत असे सांगितले. नमुना तयार झाल्यावर पहिला आठवडा तो घरातल्या कर्त्या पुरुषाच्या हाती द्यावा, असेही सुचवले. मुलांनी कबूल केले आहे.

वाचक गटांना विनंती : आपापल्या गावात, वस्तीत एक बैठक घ्यावी. भांडे कोणते, दांडा किती लांब हवा, ॲसिड कुठून येते आणि नोंद होते का, वापरलेला ब्रश किंवा चिंधी कुठे जाते आणि ती कोण उचलते, एवढे लिहून पाठवावे. कचरा उचलणाऱ्या बायकांना बैठकीला मुद्दाम बोलवावे. ग्रामपंचायतीत आपल्या सदस्य असतील तिथे सफाई कामगारांना हातमोजे, बूट मिळतात का, तेही विचारावे. घरातल्या पुरुषांनी उत्तरे दिली तर ती वेगळ्या कागदावर लिहावीत. आलेली पत्रे पुढच्या अंकात छापू आणि त्या मुलांकडेही पाठवू.