बदनावरचे पाहुणे आणि आमचा समुद्र

गोव्यात राहणाऱ्या माणसाला वर्षातून निदान चारदा तरी एक फोन येतो. "चार दिवस येतोय, काय काय बघायचं?" आणि आपण सगळे, अगदी शिकलेसवरलेले सुद्धा, एकाच सुरात तेच उत्तर देतो. कळंगुट, बागा, वेळ असला तर कोलवा, जुन्या गोव्याची चर्च, मंगेशी-शांतादुर्गा आणि संध्याकाळी मांडवीत बोट. उत्तर पाठ असते, त्यामुळे विचार करायची वेळच येत नाही.

यंदा हा प्रश्न बदनावरहून आला. बदनावर म्हणजे मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यातले तालुक्याचे गाव, माळव्याच्या पठारावरचे. पूर्वीच्या धार संस्थानाचा, म्हणजे पवारांचा मुलूख. पवारांमागून जी मराठी घरे तिकडे गेली, त्यातल्याच एका घरात माझी मावसबहीण दिली आहे. भावोजींचे मराठी आपल्याला ऐकायला गंमत वाटते, दर तिसरा शब्द हिंदी. ते म्हणाले, "समंदर दाखवा, बाकी काही नको. आमच्याकडे तलाव हाच समंदर. आमचा काय संबंध समुद्राशी?"

या शेवटच्या वाक्यावर मी अडकलो. कारण माझ्या मते माळव्याचा समुद्राशी संबंध आहे, आणि तो नाही असे भावोजींना वाटण्यात थोडा दोष आम्हा गोवेकरांचाच आहे. पाहुणा म्हणतो समुद्र, आणि आपण त्याला दाखवतो वाळू. बीच निराळा आणि बंदर निराळे. बीचला फक्त किनारा लागतो. बंदराला नदी लागते, नदीच्या मागचे रान लागते, रानातून चढणारी घाटवाट लागते, आणि घाटापलीकडचा मुलूख लागतो जिथून माल येतो आणि जिथे माल जातो. बदनावर त्या घाटापलीकडच्या मुलखातले.

आता धारच्या राजा भोजाचेच बघा. इंदूर-धार रस्त्यावर बेटमा गाव आहे. तिथे भोजाचा १०२० सालचा ताम्रपट सापडला. कोकण घेतल्याच्या विजयपर्वानिमित्त दिलेले दान त्यात नोंदले आहे. हे कोकण उत्तरेकडचे, ठाण्याच्या शिलाहारांचे, आपले नव्हे. पण पठारावरचा राजा किनाऱ्याकडे डोळे लावून बसला होता एवढे त्यातून स्पष्ट दिसते. ते काय हवापालटासाठी? बंदरांची जकात हवी होती, असे मला वाटते.

याहून मोठी गंमत पुढे आहे. भोजाच्या नावावर 'युक्तिकल्पतरु' नावाचा एक संस्कृत ग्रंथ आहे, त्यात चक्क जहाजे बांधायची माहिती दिली आहे. नदीत चालणारी नाव कोणती आणि दर्यात जाणारी कोणती, लांब कोणती आणि उंच कोणती, खोल्या बोटभर असाव्यात की मधोमध की पुढच्या टोकाला, सगळे. लाकडाचेसुद्धा हलके-जड आणि मऊ-कठीण असे पाहून चार वर्ण पाडले आहेत (आपल्याकडे लाकूडही जातीतून सुटत नाही!). आणि एक इशारा आहे. दर्यात जाणाऱ्या जहाजाच्या तळाला लोखंड वापरू नका, समुद्रातले चुंबकी खडक ते ओढून घेतील. राधाकुमुद मुखर्जींनी १९१२ साली भारतीय नौकानयनावरच्या आपल्या पुस्तकात या ग्रंथाचा बराच आधार घेतला, तेव्हापासून तो चर्चेत आहे. ज्याच्या राजधानीपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर, त्याच्या नावावर जहाजांचा ग्रंथ!

चुंबकी खडकांची गोष्ट अर्थात खरी नाही. पण खिळ्यांशिवाय, काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून जहाज बांधायची पद्धत खरीच होती. अरबी समुद्रात ती कित्येक शतके चालली. शिवलेले जहाज लाटेबरोबर थोडे वाकते, मोडत नाही. आणि हे आज कुठे बघायला मिळते? आपल्या गोव्यात. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातल्या जहाजावरून नौदलासाठी जे 'कौंडिण्य' बांधले, त्याचे काम २०२३ साली दिवाडीवर सुरू झाले. केरळच्या बाबू शंकरन यांच्या हाताखाली कारागिरांनी त्याच्या फळ्या काथ्याने शिवल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते पाण्यात उतरले, मे महिन्यात कारवारला नौदलात दाखल झाले, आणि डिसेंबरात पोरबंदरहून शिडांच्या जोरावर मस्कतला निघाले. जानेवारी २०२६ मध्ये ते पोचलेसुद्धा. ज्या 'म्हादेई' होडीतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तीही दिवाडीवरच बांधलेली. पण दिवाडीच्या फेरीबोटीत पर्यटक दिसतात ते फोटो काढायला आलेले. या बेटावर अजून दर्यात जाणारी जहाजे जन्माला येतात हे त्यांना कोण सांगणार?

दिवाडीवरच नार्वे इथे कदंबांचे कुलदैवत सप्तकोटीश्वर होते. पोर्तुगीजांनी ते देऊळ पाडल्यावर देव नदीपलीकडे डिचोलीच्या नार्वेत गेला आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी तिथले देऊळ नव्याने उभारवले. हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून लांबवत नाही.

मला जास्त वेळ थांबायचे आहे ते आगशीला. आता पुलावरून जुवारी ओलांडताना मिनिटभरसुद्धा लागत नाही. त्याच पुलाच्या उत्तर टोकाला, आगशी आणि गोवा वेल्हा या गावांच्या अंगावर एके काळी गोपकपट्टण होते. कदंबांची राजधानी चांदरहून इथे आली ती ११व्या शतकाच्या मध्यावर, पहिल्या जयकेशीच्या वेळी. त्याचा एक ताम्रपट पणजीचा ताम्रपट म्हणून ओळखला जातो. त्यात काय आहे? जयकेशीच्या पूर्वजांपैकी गुहल्लदेव जहाजाने सोमनाथच्या यात्रेला निघाला असता वाटेत डोलकाठी मोडली. तो गोव्याच्या बंदरात आला. तिथे त्याला मदत केली एका अरब व्यापाऱ्याने. ताम्रपटात त्याचे नाव मदुमद असे आले आहे, म्हणजे महंमद. पुढे त्याचा नातू जयकेशीच्या राज्यात मोठा अधिकारी झाला. त्याने गोपकपट्टणात मशीद बांधली आणि तिच्या खर्चासाठी बंदरात येणाऱ्या जहाजांवर पट्टी बसवली. जहाजे कुठकुठली? गुजरात, सौराष्ट्र, ठाणे, चौल, केरळ, सिंहल, पार झांझिबारपर्यंतची.

म्हणजे बघा, शिवभक्त राजा सोमनाथला निघालेला, मदतीला अरब, आणि मशिदीचा खर्च भागणार जहाजांच्या पट्टीतून. हे सारे एका ताम्रपटात. गोव्याच्या इतिहासावर आपल्याकडे १५१०च्या अलीकडचे आणि पलीकडचे असे जे तावातावाने वाद होतात, त्यात हा ताम्रपट कोणाच्याच सोयीचा नाही. म्हणूनच तो आपल्या बोलण्यात फारसा येत नसावा. आपण 'कदंब' म्हणतो ते बस चुकली की!

१४व्या शतकात दिल्लीच्या फौजांनी गोपकपट्टण लुटले. १३४०च्या दशकात होन्नावरच्या जमालुद्दीनाच्या आरमाराबरोबर इब्न बतूता गोव्यावर चालून आला होता. दुसरीकडे जुवारीचा काठ गाळाने भरत गेला आणि व्यापार मांडवीकाठी एळ्याला, म्हणजे ज्याला आपण जुने गोवे म्हणतो तिथे सरकला. उरले काय? आगशीच्या काठाला जांभ्या दगडाच्या बंदर-भिंतीचे अवशेष, जे दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी नोंदवून ठेवले आहेत, आणि पिलारच्या सेमिनरीच्या संग्रहालयात जपलेल्या काही वस्तू. मी ओहोटीच्या वेळी दोनदा तिथे जाऊन आलो. भिंत दिसली, फलक दिसला नाही. एक म्हातारा जाळे विणत होता. त्याने विचारले, "किदें सोदता?" मी म्हटले, जुने बंदर. त्याने हाताने सगळा काठ दाखवला आणि पुन्हा जाळ्यात मान घातली.

जुवारीच्या नव्या पुलावर फिरत्या मनोऱ्यांची पायाभरणी २०२५ साली झाली. उंचावरून नदीचे मुख बघता येईल. चांगलेच आहे, माझी तक्रार नाही. पण ज्या काठावर हजार वर्षांपूर्वी झांझिबारची गलबते लागत होती, त्या काठाबद्दल मनोऱ्यावर चढलेल्या माणसाला चार ओळी तरी वाचायला मिळणार का? मी स्वतः सरकारी कारकून आहे. एक फलक लावायचा तर फाईल किती टेबलांवरून फिरते हे मला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तरी सांगतो, मनोऱ्याच्या फाईलला एक पान जोडणे तेवढे कठीण नाही. भिंतीचे संरक्षण त्याआधी व्हायला हवे. नदीकाठच्या जमिनीचा भाव सध्या काय चालला आहे ते मी वेगळे सांगायला नको. आज जांभ्याचा दगड आहे, उद्या कुणाच्या तरी कुंपणात जाईल.

कोणी म्हणेल, पाहुणा चार दिवसांसाठी येतो, त्याला मौज करू दे की. करू दे. बीचवरच्या शॅकवाल्याचे आणि टॅक्सीवाल्याचे घर त्यावर चालते, त्याला नावे ठेवणारा मी कोण? पण पाहुण्याला फक्त मौजच हवी असते हे आपण गृहीत धरले आहे, त्याने म्हटलेले नाही.

माळव्याचा आणि आपला आणखी एक धागा आहे, तो मात्र अभिमानाने सांगायचा नाही. माळव्याची अफू. १९व्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांना ती मुंबईतून बाहेर जाऊ द्यायची नव्हती. बंगालच्या त्यांच्या अफूचा भाव पडेल ही भीती. मग ती बैलांवरून आणि उंटांवरून पोर्तुगीजांच्या दमणला यायची आणि तिथून जहाजाने मकाव, चीन. या धंद्यातले एक बडे नाव होते रॉजेरियो द फारिया, मुंबईत राहणारा आपला गोवेकर व्यापारी. १८४३ साली इंग्रजांनी सिंध घेतल्यावर आडवाटा बंद झाल्या आणि दमणचे दिवस संपले. माळव्याच्या शेतकऱ्याचे पीक, गोवेकराचे जहाज आणि चिनी माणसाची राख. भावोजींच्या पणजोबांच्या शेजारपाजारी खसखशीची बोंडे डोलत असणारच. तेव्हा "आमचा काय संबंध" हे काही खरे नाही.

आता रानाबद्दल थोडे. बंदर दाखवून पाहुण्याला परत बीचवर सोडले तर निम्मेच दाखवले. त्याला मोलेकडे न्यावे आणि तिथून तांबडी सुर्लला. कदंबकाळातले महादेवाचे देऊळ, १२व्या-१३व्या शतकातले, चहूकडे अभयारण्याचे रान, शेजारी नदी, मागे सह्याद्रीची भिंत. हे देऊळ आज आडरानात वाटते, पण ते घाटवाटेच्या पायथ्याशी आहे. तांडे याच रानांतून चढायचे-उतरायचे. पावसाळा सरल्यावर जावे, जळवा कमी असतात.

देवळाचा दगड मात्र निरखून बघायला सांगावा. गोवा सगळा जांभ्याचा आणि हे देऊळ काळ्या बेसाल्टचे. तो दगड इथला नव्हे, घाटापलीकडून वाहून आणलेला असे अभ्यासक सांगतात. दख्खनच्या पठाराचा दगड. ज्या लाव्हाचा दख्खन, त्याच लाव्हाचा माळवा. बदनावरला विहीर खणताना पहारीला लागतो तोच.