बिझनेस क्लास आणि विसावा हिस्सा

पिंपरी-चिंचवडमधले आपल्यातलेच काही साहेब आता बँकॉकच्या सहलीलाही बिझनेस क्लासने जातात. विचारलं तर उत्तर ठरलेलं : "गरिबीत राहा असं बाबासाहेबांनी कुठं सांगितलं?" नाहीच सांगितलं. गरिबीचे गोडवे गाणाऱ्यांना त्यांनी झोडपलंच. पण १५ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी उत्पन्नाचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी मागितला होता. तो दिलात का साहेब? मुंबई-बँकॉक प्रवास चार-साडेचार तासांचा. तेवढ्यासाठी पाय पसरायला कित्येक पट भाडं! त्या फरकात चाकणच्या कंत्राटी कामगाराची मुलगी वसतिगृहात राहून वर्षभर शिकेल. राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीवर जाणाऱ्या आपल्या पोरांना सरकार इकॉनॉमीचंच तिकीट देतं, आणि ती तर शिकायला जातात.