पाण्याने उष्णता नाहीशी होत नाही

दहावीतला एक विद्यार्थी गेल्या महिन्यात माझ्याकडे आला. खेळ खेळण्याच्या संगणकात त्याला एकाऐवजी दोन ग्राफिक्स कार्डे बसवायची होती आणि ती पाण्याने थंड ठेवायची होती. "सर, पाणी फिरवले की खोलीसुद्धा गार राहील ना?" त्याने विचारले. वडिलांना खर्चाला राजी करण्यासाठी त्याला माझा होकार हवा होता. तो मी दिला नाही.

प्रथम पाण्याची बाजू मांडतो, कारण ती भक्कम आहे. दोन कार्डे मिळून ५०० वॅट वीज घेतात असे समजा. ही जवळजवळ सारी ऊर्जा अखेर उष्णतेत रूपांतरित होते. म्हणजे दर सेकंदाला ५०० ज्यूल उष्णता. ती हवेने वाहून न्यायची आणि हवेचे तापमान १० अंशांपेक्षा जास्त वाढू द्यायचे नाही, तर दर सेकंदाला सुमारे ४३ लिटर हवा लागेल. दोन मोठ्या बादल्या! हेच काम १२ मिलिलिटर पाणी करते, म्हणजे चहाचे अडीच चमचे. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला ४.१८ ज्यूल लागतात, हवेला जेमतेम एक. शिवाय पाण्याची घनता हवेच्या आठशेपटींहून अधिक आहे.

दोन कार्डे जवळजवळ बसवली की खालच्याची तापलेली हवा वरच्याचा पंखा ओढून घेतो. पाण्याच्या नळ्यांत ही अडचण येत नाही. मिनिटाला एक लिटर पाणी वाहत असेल तर पहिल्या कार्डावरून पुढे जाताना ते सुमारे साडेतीन अंशच तापलेले असते. २०१४ साली एएमडी कंपनीने एकाच पाटीवर दोन चिप बसवलेले ५०० वॅटचे कार्ड काढले, तेव्हा द्रवशीतनाची सोय त्यासोबतच दिली होती. त्याआधी १९८५ मध्ये क्रे-२ हा महासंगणक तर विद्युतरोधक द्रवात चक्क बुडवूनच ठेवला होता.

पण मित्रहो, पाणी उष्णता वाहते, गिळत नाही. तांब्याच्या ठोकळ्यातून घेतलेली उष्णता ते रेडिएटरपर्यंत नेते आणि तेथे पंखे ती खोलीतच सोडतात. पंख्याची कार्डे असोत वा पाण्याची, खोलीत ५०० वॅटची शेगडी पेटलेलीच राहते. नागपुरात मे महिन्यात खोलीत ४० अंश असतील तर नळीतले पाणी ४० च्या खाली जाणार नाही. उष्णता आपण होऊन थंड वस्तूकडून गरम वस्तूकडे जात नाही, हे आपण पाठ करतो आणि दुकानात विसरतो.

आता दुसऱ्या कार्डाविषयी. दोन कार्डे बहुधा आळीपाळीने चित्रे काढत. एक सम क्रमांकाची, दुसरे विषम. दोघांनाही तीच माहिती जवळ बाळगावी लागे, त्यामुळे ४ आणि ४ जीबी मिळून खेळासाठी ८ होत नसत. चित्रे असमान अंतराने येऊन खेळ अडखळे. दुपटीची अपेक्षा ठेवणाऱ्याची बहुधा निराशाच होई. पुढे एनव्हिडिया कंपनीने १ जानेवारी २०२१ पासून अशा जोडणीसाठी नवीन खेळांना लागणारी आज्ञावली देणे थांबवले. दुसरे कार्ड आज बहुतेक नव्या खेळांत नुसते बसून राहील. ज्या कामासाठी पाणी खरोखर उपयोगी होते, ते कामच उरलेले नाही. या खर्चाला माझा विरोध आहे तो यासाठी. पाण्याच्या भीतीने नव्हे. भीतीलाही थोडी जागा आहे म्हणा: तांब्याचा ठोकळा आणि ॲल्युमिनियमचा रेडिएटर एकाच पाण्यात आले की ॲल्युमिनियम झिजू लागते, आणि शुद्ध पाणीसुद्धा धातूंचे आयन मिसळल्यावर वीज वाहू लागते.

तो मुलगा हिरमुसला खरा. परवा मात्र प्रयोगशाळेतला तापमापक मागायला आला. खोलीची दारे-खिडक्या लावून एक तास खेळ चालवायचा आणि दर दहा मिनिटांनी तापमान टिपायचे, असा त्याचा बेत आहे. तापमापक मी दिला. आकडे अजून यायचे आहेत.