६१ तासांचा निकाल

'स्टॉक' हा शब्द व्यापारी घरात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. दुकानात विक्रीसाठी भरून ठेवलेला माल तो स्टॉक. अमेरिकेतील 'स्टॉक कार' शर्यतींचे नाव याच अर्थातून आले. विक्रेत्याकडून कुणीही घरच्या वापरासाठी घ्यावी अशी साधी मोटार घेऊन शर्यतीत उतरायचे, ही या खेळाची मूळ कल्पना होती. मैदानात धावणारी गाडी आणि शेजाऱ्याच्या दारातली गाडी एकाच घडणीची असे. जुन्या प्रेक्षकांना त्या दिवसांची जी ओढ वाटते, तिचे मूळ पुष्कळसे या साधेपणात आहे.

बिल फ्रान्स या गृहस्थांनी १४ डिसेंबर १९४७ रोजी फ्लोरिडातील डेटोना बीच येथे, स्ट्रीमलाइन हॉटेलात, शर्यतींशी संबंधित मंडळींची बैठक बोलावली. त्यातून पुढच्या वर्षी 'नॅस्कार' ही संस्था उभी राहिली. तिच्या आश्रयाखाली अशा साध्या गाड्यांची पहिली शर्यत १९ जून १९४९ रोजी शार्लट येथे मातीच्या मार्गावर झाली. प्रथम आलेल्या ग्लेन डनवे यांची गाडी नंतर तपासली गेली. चोरटी दारू वाहणारे लोक करीत तसा फेरफार तिच्या मागच्या स्प्रिंगांत केलेला आढळला आणि विजय दुसऱ्या आलेल्या जिम रोपर यांना देण्यात आला. म्हणजे पहिल्याच दिवशी या खेळाने एक रीत घालून दिली. रेषा ओलांडली की शर्यत संपते, पण हिशेब मात्र तपासणीनंतरच पुरा होतो.

तो हिशेब हाताने ठेवला जाई. प्रत्येक गाडीसाठी एक माणूस कागद घेऊन बसे आणि गाडी समोरून गेली की फेरीची नोंद करी. हे काम पुष्कळदा चालकाच्या घरचेच कुणी करीत असे. धुळीत गाडीचा क्रमांक दिसेनासा झाला की नोंद चुके आणि मग वाद होत. या वादांचे मूक साक्षीदार असत मार्गाच्या कडेला उभे असलेले छायाचित्रकार. त्या काळच्या वृत्तछायाचित्रकारांचा लाडका कॅमेरा 'स्पीड ग्राफिक' आकाराने अवजड होता. त्यात एका वेळी फिल्मचा एकच पत्रा टिपला जाई. दुसरे चित्र घेण्यासाठी आधी तो पत्रा बदलावा किंवा उलटावा लागे. तोवर गाड्या वळणापलीकडे गेलेल्या असत. म्हणून छायाचित्रकार आधीच एक जागा निवडून कॅमेरा तिच्यावर रोखून ठेवीत आणि क्षणाची वाट पाहत. त्यांच्या कपड्यांवर मातीचा थर बसे. धावणाऱ्या गाड्या आणि त्यांच्यात फार अंतर नसे.

या साक्षीचे मोल २२ फेब्रुवारी १९५९ रोजी कळले. डेटोनात १९५८ पर्यंत समुद्रकाठची वाळू आणि लगतचा रस्ता मिळून शर्यत होई. आता तेथे अडीच मैलांचा नवा डांबरी मार्ग तयार झाला होता. पहिल्या 'डेटोना ५००' साठी ५९ गाड्या उतरल्या आणि ४१ हजारांहून अधिक प्रेक्षक जमले. २०० फेऱ्यांनंतर अंतिम रेषेवर तीन गाड्या शेजारी शेजारी आल्या. ओल्ड्समोबाइलमधील ली पेट्टी, थंडरबर्डमधील जॉनी बोशँप आणि एक फेरी मागे असलेले जो वेदरली. पंचांनी बोशँप यांना विजयी ठरवले. ते विजयस्थानी गेले आणि सत्कारही झाला. पेट्टी यांनी मात्र हरकत घेतली. गंमत अशी, की आपण दोन फूट पुढे होतो, असे दोघेही सांगत होते आणि दोघांचाही त्यावर मनापासून विश्वास होता.

फ्रान्स यांच्यापुढे दोन मार्ग होते. जाहीर झालेला निकाल कायम ठेवून नव्या मैदानाची शोभा राखता आली असती. त्याऐवजी त्यांनी रेषेजवळ टिपलेली छायाचित्रे आणि चित्रफिती मागवल्या. टी. टेलर वॉरन यांच्या छायाचित्रात तिन्ही गाड्या एका ओळीत स्पष्ट दिसत होत्या. वृत्तपटाच्या चित्रफितीनेही त्याला दुजोरा दिला. ६१ तासांनी, बुधवारी, पेट्टी विजयी असल्याचे जाहीर झाले. स्वतःच्या पंचांचा निर्णय फिरवणे नव्या संस्थेला सोपे नव्हते, पण त्यामुळे तिची पत घटली नाही.

त्याच वर्षी जून महिन्यात अटलांटातील लेकवूड मैदानावर ली पेट्टी यांनी पुन्हा हरकत घेतली. या वेळी विजयी घोषित झालेला चालक त्यांचाच मुलगा, २१ वर्षांचा रिचर्ड होता. फेऱ्यांच्या नोंदी पुन्हा तपासल्या गेल्या, पित्याचे म्हणणे खरे निघाले आणि मुलाच्या हातात आलेला पहिला विजय गेला. त्याला १९६० पर्यंत थांबावे लागले. पुढे याच रिचर्ड पेट्टी यांनी २०० शर्यती जिंकल्या.

आज प्रत्येक गाडीत संदेश देणारे यंत्र असते आणि सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजमाप होते. निकालासाठी कुणाच्या धुळकट कॅमेऱ्याकडे पाहावे लागत नाही. वॉरन यांचे ते छायाचित्र मात्र अजून पाहिले जाते. त्या संध्याकाळी विजयस्थानी उभ्या असलेल्या बोशँप यांची छायाचित्रेही जपलेली आहेत. ती कुणी फाडून टाकली नाहीत. जुन्या पेढ्यांवर चुकलेली रक्कम खोडून काढण्याऐवजी तिच्याखाली दुरुस्तीची नोंद लिहीत. वही उघडणाऱ्याला चूकही दिसे आणि ती कुणी, कधी सुधारली तेही दिसे. डेटोनाच्या त्या रविवारची वही आजही तशीच उघडी आहे.