कळी आणि मोळी

खानदेशाशी नाते सांगणाऱ्या दोन साहित्यकृती आपण वर्गात वेगवेगळ्या शिकवतो. बालकवींची ‘फुलराणी’ आणि साने गुरुजींची ‘श्यामची आई’ एकत्र शिकवाव्यात, असे माझे आग्रहाचे मत आहे.

बालकवी १८९० साली धरणगावी जन्मले आणि १९१८ मध्ये भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली त्यांचा अंत झाला. गुरुजी अमळनेरला शिक्षक होते; १९३६ च्या आपल्या फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनासाठी ते राबले.

‘फुलराणी’त कोवळी कळी नवरी होते आणि सूर्यकिरण नवरदेव. ‘श्यामची आई’तील ‘मुकी फुले’ या प्रकरणात आई सांगते, की कळ्या तोडू नयेत, त्या झाडावरच उमलू द्याव्यात. कवीने डोळ्यांनी टिपलेली कोवळीक आईने आचरणात उतरवली. हा दुवा मुलांना चटकन पटतो.

परंतु येथेच थांबलो तर शिकवणे अर्धवट राहते. त्याच पुस्तकात मोळीच्या भाराने हतबल झालेली एक म्हातारी महार स्त्री आहे. आई श्यामला तिची मोळी उचलून द्यायला पाठवते आणि नंतर आंघोळ करायलाही सांगते. हे वाचताना एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, आंघोळ कशासाठी?” वर्ग स्तब्ध झाला. विचारणारीची आई केळीच्या बागेत मजुरी करते. आजीने मोळ्या वाहिल्या होत्या. ती मुलगी श्यामच्या नव्हे, त्या म्हातारीच्या जागी उभी होती.

आपल्यापैकी काहीजण म्हणतात, हे पुस्तकच नको. काही शिक्षक तेवढे पान गाळतात. मला दोन्ही मान्य नाही. आईची करुणा खरी आहे आणि तिच्या घरातला विटाळही खरा आहे. हे पुस्तक १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले गेले. त्याच नाशिकमध्ये १९३० पासून बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू होता. पुढे १९४७ मध्ये पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी उपोषण केले. या तारखा शेजारी मांडल्या, की करुणा आणि समता यांतील अंतर मुलांना आपोआप कळते.

बालकवींच्या कळीवर आपल्या लेकरांचाही हक्क आहे. आंघोळीविषयी प्रश्न विचारण्याचाही आहे. जो शिक्षक यांपैकी एकच हक्क देतो, तो त्यांना अर्धेच शिकवतो.