झाडाचा आकार दिसू द्या!

सेकंड इयरला डेटा स्ट्रक्चर्सच्या प्रॅक्टिकलला माझा एव्हीएल ट्रीचा प्रोग्रॅम पहिल्याच फटक्यात चालला. १ ते ७ आकडे ओळीने टाकले, इनऑर्डर छापलं. स्क्रीनवर १ २ ३ ४ ५ ६ ७. जर्नलवर सही, विषय संपला. महिन्याभराने कळलं, रोटेशनचं फंक्शन कधी कॉलच होत नव्हतं! झाडाची झाली होती सरळसोट काठी आणि आउटपुट मात्र चकाचक.

चूक माझीच. पण तपासायची पद्धतही चुकीचीच ना? बायनरी सर्च ट्री कितीही वाकडं वाढू दे, त्याचं इनऑर्डर चढत्या क्रमानेच येणार. म्हणजे जो आकार तपासायचा, तोच छापताना पुसला जातो.

पुढे हास्केल शिकताना वाटलं, सुटलो. टाइपखाली ‘डिरायव्हिंग शो’ लिहिलं की झाड आपोआप छापलं जातं. आकारही शाबूत. पण सगळं एकाच ओळीत! सात नोडसाठी कंस मोजत बसा. तो मजकूर परत कोडमध्ये टाकता यावा, अशा बेताने केलेला असतो. डोळ्यांची सोय आपणच करायची. आणि ती अवघड नाही. झाड रिकामं असेल तर काहीच नाही. नाहीतर उजवी फांदी एक पायरी आत, मग हा आकडा, मग डावी फांदी एक पायरी आत. झालं.

        ७
    ६
        ५
४
        ३
    २
        १

मान डावीकडे कलवून बघा, झाड दिसेल. माझ्या त्या प्रोग्रॅमने इथे जिना काढला असता आणि चोरी जागच्या जागी पकडली गेली असती. शिवाय हे फंक्शन स्वतः काही छापत नाही, फक्त स्ट्रिंग परत देतं. त्यामुळे टेस्टमध्ये अपेक्षित चित्राशी ते थेट ताडून बघता येतं.

कुणी म्हणेल, हास्केलच्या कंटेनर्स लायब्ररीत ‘ड्रॉट्री’ तयार आहे की! आहे, जरूर वापरा. पण ते कितीही फांद्यांच्या झाडासाठी आहे. नोडला एकच मूल असेल, तर ते डावं की उजवं हे त्यात आपोआप कळत नाही. काय दाखवायचं, हे शेवटी आपल्यालाच ठरवावं लागतं.

‘छापणं’ हे किरकोळ काम नाही. मजकूर नीट मांडायचा कसा, यावर जॉन ह्यूज यांनी १९९५ मध्ये अख्खा पेपर लिहिला, फिलिप वॉडलर यांनी त्यावर पुढे काम केलं. आपण मात्र त्याला ‘शेवटी एक प्रिंट टाक रे’ म्हणून उरकतो.

तेव्हा पुढच्या सबमिशनला इनऑर्डरच्या ओळीखाली झाडाचं चित्रही छापा. कुणी मागितलं नाही तरी छापा. सही आकड्यांवर मिळेल, पण आपलं झाड खरंच उभं आहे का, हे त्या चित्रातच कळेल.